३८ टक्क्यांवर विझलेली बॅटरी

सिंहगड रस्त्यावरील एका रो-हाउसमध्ये राहणाऱ्या गृहस्थांचा प्रश्न असा आहे : गेल्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी गच्चीवर ३ किलोवॉटचे सोलर पॅनेल, पॅनेल, बॅटरी आणि महावितरणची वीज असे तिन्ही सांभाळणारा हायब्रिड इन्व्हर्टर आणि ५.१२ किलोवॉट-तास क्षमतेची, म्हणजे ढोबळमानाने पाच युनिटांची, लिथियम बॅटरी बसवली. जूनमधल्या एका वादळी रात्री साडेनऊला वीज गेली, तेव्हा मोबाइलवरील अ‍ॅप ७४ टक्के दाखवत होते. पावणेदोनला तेच अ‍ॅप ३८ टक्के दाखवत असताना घर अचानक अंधारात बुडाले. विक्रेत्याच्या मते बॅटरीत दोष नाही. शिवाय विजेचे बिलही सांगितले होते तेवढे उतरलेले नाही. बॅटरी खराब निघाली का, आणि आता काय करावे, असे त्यांनी विचारले आहे. सोबत अ‍ॅपमधील सेटिंगची छायाचित्रे, घरातील उपकरणांची यादी आणि बॅटरी ठेवलेल्या जागेचे वर्णन पाठवल्यामुळे बऱ्याच गोष्टी नेमकेपणाने सांगता येतात.

आपली बॅटरी बहुधा चांगली आहे. बिघाड आहे तो तिची नोंद ठेवणाऱ्या हिशेबात, आणि हा हिशेब चुकावा अशी व्यवस्था, हेतू चांगला असला तरी, बसवणाऱ्यानेच करून ठेवली आहे. इन्व्हर्टर, बॅटऱ्या आणि पुढे सोलर या कामात पुण्यात माझी अठरा वर्षे गेली. गेल्या तीन-चार वर्षांत लिथियम बॅटरीविषयी ज्या तक्रारी माझ्याकडे आल्या, त्यांतल्या निम्म्याहून अधिक याच जातीच्या होत्या.

घरात वापरली जाणारी लिथियम बॅटरी म्हणजे आज बहुतेक वेळा लिथियम आयर्न फॉस्फेट, बोलीत एलएफपी. तिच्या एका सेलचा दाब ३.२ व्होल्टच्या आसपास असतो आणि असे सोळा सेल एकापुढे एक जोडले की ५१.२ व्होल्ट होतात. १०० अँपिअर-तासांच्या हिशेबाने आपले ५.१२ किलोवॉट-तास येतात ते असे. या रसायनाचा गुण म्हणजे बॅटरी नव्वद टक्के भरलेली असो की तीस टक्के, व्होल्टेज जवळजवळ सारखेच राहते, आणि अडचणही तीच आहे. स्वयंपाकाच्या गॅसची टाकी आठवावी : टाकी अर्धी असो की पाव, शेगडीची ज्योत तशीच जळते, आणि संपत येईपर्यंत ज्योतीकडे पाहून काही कळत नाही. जुन्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीचे तसे नव्हते. ती उतरू लागली की व्होल्टेजही उतरत असे आणि मल्टिमीटर लावून अंदाज घेता येत असे. एलएफपीमध्ये ही सोय नसल्यामुळे बॅटरीतील नियंत्रक, म्हणजे बीएमएस, किती अँपिअर आत आले आणि किती बाहेर गेले याची वही ठेवतो आणि त्या वहीवरून टक्के सांगतो.

किराण्याच्या उधारीच्या वहीत रोज आठ आणे इकडचे तिकडे झाले तर महिन्याच्या शेवटी जे होते, तेच या वहीचे होते. प्रवाह मोजणाऱ्या भागाची लहानशी चूक, इन्व्हर्टर नुसता चालू असताना ओढला जाणारा आणि नीट मोजला न जाणारा बारीक प्रवाह, बॅटरीची स्वतःची गळती, हे सारे साठत जाते. वही जुळवण्याची खात्रीची एकच वेळ असते : बॅटरी पूर्ण भरते, सेलचा दाब ३.४५ ते ३.६५ व्होल्टच्या टप्प्यात चढतो, आत जाणारा प्रवाह घटत जवळजवळ थांबतो, आणि बीएमएस म्हणतो, हे शंभर टक्के, येथून पुन्हा मोजणी सुरू. आपल्या छायाचित्रात चार्जिंगची वरची मर्यादा ९० टक्क्यांवर ठेवलेली दिसते. ‘बॅटरी कधी पूर्ण भरू नये, त्याने तिचे आयुष्य वाढते’ हा मोबाइल आणि मोटारींच्या बॅटऱ्यांवरून आलेला सल्ला बसवणाऱ्याने येथे लावला. परिणाम असा, की ऑक्टोबरपासून जूनपर्यंत आपली बॅटरी एकदाही पूर्ण भरली नाही आणि वही एकदाही जुळवली गेली नाही.

आता त्या रात्रीचा हिशेब मांडू. ७४ वरून ३८, म्हणजे ३६ टक्के उतरले. ५.१२ चे ३६ टक्के म्हणजे १.८४ युनिट. साडेनऊ ते पावणेदोन हे सव्वाचार तास होतात. भागाकार केला की बॅटरीतून सरासरी सुमारे ४३० वॉट जात होते असे निघते, आणि आपल्या यादीशी ते जुळते, त्यामुळे त्या रात्रीपुरती मोजणी बरोबरच होती. चूक होती ती सुरुवातीच्या आकड्यात. बॅटरीने १० टक्क्यांना बंद व्हावे असे सेटिंग आहे, याचा अर्थ अ‍ॅप ३८ म्हणत होते तेव्हा बॅटरीत प्रत्यक्ष १०च्या आसपास उरले होते आणि वीज गेली तेव्हा ७४ नव्हे, तर ४६च्या सुमारास होते. वही २८ टक्क्यांनी फुगलेली होती.

उपाय साधा आहे. वरची मर्यादा १०० टक्क्यांवर न्यावी, आणि पहिल्या वेळी बॅटरी १०० दाखवू लागल्यावरही दोन-तीन तास ती तशीच चार्जिंगवर राहू द्यावी, म्हणजे सेल एकमेकांशी समतोलही होतील. ज्या दिवशी हे कराल त्या दिवशी अ‍ॅपमधील आकडा बराच वेळ ९९ किंवा १०० वर अडकलेला दिसेल आणि प्रवाह मात्र आत जातच राहील. घाबरू नये, फुगलेली वही सरळ होत असते. पावसाळ्यात पॅनेलवर तेवढे ऊन मिळेलच असे नाही, म्हणून ‘ग्रिडमधून चार्जिंग’ हा पर्याय चालू करून एकदा महावितरणच्या विजेवर बॅटरी पूर्ण भरावी. त्यानंतर पंधरा दिवसांतून, निदान महिन्यातून एकदा ती पूर्ण भरेल असे पाहावे. बॅटरी महिनोन्‌महिने काठोकाठ भरून गरम जागी ठेवली तर ती लवकर म्हातारी होते हे खरे आहे, आणि म्हणून वादळांचा हंगाम सरला की एरवी ८५-९० टक्क्यांवर ठेवून अधूनमधून शंभरला नेण्याला माझी हरकत नाही. परंतु कधीच पूर्ण न भरणे हे आयुष्य वाढवण्याच्या नावाखाली आंधळे होणे आहे.

दुसरा प्रश्न त्याहून मोठा आहे : साडेनऊला वीज गेली तेव्हा अ‍ॅपनुसारसुद्धा बॅटरी ७४ वरच का होती? जूनच्या त्या दुपारी ऊन होते, असे आपणच लिहिले आहे. कारण दुसऱ्या छायाचित्रात दिसते. इन्व्हर्टर ‘स्ववापर’ पद्धतीवर आहे. या पद्धतीत दिवसा पॅनेल बॅटरी भरतात आणि सूर्य मावळला की घराचा भार, वीज असतानाही, बॅटरीवर जातो. राखीव साठा फक्त १० टक्के ठेवला आहे. म्हणजे रोज रात्री आपण बॅटरी आपल्या हाताने रिकामी करत होता आणि वीज मध्यरात्रीनंतर गेली असती तर त्या वेळी बॅटरी आधीच तळाला असती. परदेशात, जेथे ग्रिडला दिलेल्या युनिटाचे फार थोडे पैसे मिळतात, तेथे ही पद्धत शहाणपणाची आहे, आणि अनेक इन्व्हर्टर कारखान्यातून याच सेटिंगवर येतात. पुण्यात नेट मीटर असलेल्या घराला ती मानवत नाही.

नेट मीटरिंगमध्ये आपण दिवसा महावितरणला दिलेले युनिट आणि रात्री घेतलेले युनिट यांची वजाबाकी होते. दुपारी एक युनिट दिले, रात्री एक युनिट घेतले, हिशेब फिटला. म्हणजे ग्रिड हीच आपली बॅटरी झाली, आणि तीही न झिजणारी. तेच युनिट स्वतःच्या बॅटरीतून फिरवले तर चार्ज होताना, साठताना आणि पुन्हा घरात वापरायच्या एसी विजेत रूपांतर होताना मिळून दहा ते पंधरा टक्के वाटेत जाते. रोज चार युनिट फिरवले तर सुमारे अर्धे युनिट, म्हणजे महिन्याला पंधराच्या आसपास युनिट, नुसत्या उष्णतेत गेले. त्यातून एक पैसा वाचला नाही आणि बॅटरीचे भरण्या-उतरण्याचे एक आवर्तन खर्ची पडले. वॉरंटीच्या कागदावर वर्षांसोबत बहुधा एकूण किती ऊर्जा बॅटरीतून गेली याचीही मर्यादा असते आणि ‘जे आधी घडेल ते’ असे शब्द असतात. आपला कागद काढून पाहावा. तेव्हा इन्व्हर्टर ‘बॅकअप’ पद्धतीवर न्यावा, किंवा तसा पर्याय नसेल तर राखीव साठा ८०-९० टक्के करावा. दिवसाच्या वेळेनुसार वेगळा दर लावणारी पद्धत पुढे अशी आली, की संध्याकाळचे युनिट दुपारच्या युनिटापेक्षा पुष्कळच महाग पडू लागले, तर हे गणित उलटेल आणि तेव्हा पुन्हा बसून करावे लागेल. वीज नियामक आयोगाचे दरआदेश बदलत असतात आणि त्यांवर कायमचा संसार मांडता येत नाही.

बिलाविषयी आणखी दोन गोष्टी आहेत. नेट मीटरचे जमा युनिट एका आर्थिक वर्षातच वापरायचे असतात. ३१ मार्चला जे उरतात ते महावितरण विकत घेते, परंतु आपण बिलात मोजतो त्या दरापेक्षा कितीतरी कमी दराने. पुण्याचे हवामान येथे आपल्यावर अन्याय करते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी आकाश निरभ्र, पंखेसुद्धा बंद, त्यामुळे जमा युनिटांची रास लागते. ती मार्चअखेर जवळजवळ पाण्याच्या भावात जाते आणि एप्रिलमध्ये एसी सुरू होतो तेव्हा खाते शून्यावर असते. आपण ऑक्टोबरात यंत्रणा बसवली, म्हणून पहिल्याच वर्षी याचा फटका बसला. पुढे उत्पादन घसरते. ३ किलोवॉटच्या पॅनेलकडून पुण्यात वर्षाची सरासरी रोज बारा युनिटांच्या आसपास धरावी. मार्च ते मे तेरा-चौदा मिळतात, जुलै-ऑगस्टमध्ये सहा-आठ, आणि झड लागलेल्या दिवशी दोन-तीनसुद्धा. जूनच्या बिलावरून यंत्रणेचा निवाडा करू नये. एप्रिल ते मार्च असे पूर्ण वर्ष पाहावे. स्थिर आकार तर युनिट शून्य झाले तरी भरावाच लागतो.

विक्रेते सहसा सांगत नाहीत अशी दुसरी गोष्ट म्हणजे हायब्रिड इन्व्हर्टरचे स्वतःचे खाणे. कोणाला वीज द्यायची नसली तरी तो जागा असतो आणि मॉडेलप्रमाणे २० ते ६० वॉट घेत राहतो. पन्नास वॉट म्हटले तर दिवसाला १.२ युनिट आणि महिन्याला छत्तीस युनिट झाले. बॅटरी घरात असण्याची ही किंमत आहे आणि ती टाळता येत नाही, पण बिलाचे गणित आधी मांडताना ती धरली पाहिजे. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला मिळणारे ७८,००० रुपयांचे अनुदानही पॅनेलच्या यंत्रणेसाठी असते, बॅटरीसाठी नसते. पैसे वाचवायचे असतील तर पॅनेल आणि नेट मीटर पुरेसे आहेत. बॅटरी घ्यायची ती वीज गेल्यावर घर चालू राहावे म्हणून, आणि तो खर्च घराच्या कुंपणासारखा किंवा पाण्याच्या टाकीसारखा धरावा. त्यातून परतावा शोधू नये.

शेजारच्या घरावर सोलर असूनही त्यांच्याकडेही अंधार होता, याचे आपल्याला आश्चर्य वाटले आहे. बॅटरी नसलेला ग्रिड-टाय इन्व्हर्टर वीज गेल्याबरोबर बंद पडतो, भर दुपारीसुद्धा, आणि तसा तो बंद पडलाच पाहिजे. नाही तर खांबावर चढलेल्या वायरमनच्या हातात आपल्या गच्चीवरची वीज जाईल. आपल्याकडे गुरुवारी देखभालीसाठी वीज बंद ठेवण्याची जुनी प्रथा आहे, त्या दिवशी हे हमखास दिसते : आकाशात लख्ख ऊन आणि गच्चीवर लाखोंचे पॅनेल निपचित. आपल्या हायब्रिडचे तसे नाही. तो घराला ग्रिडपासून तोडून पॅनेल आणि बॅटरीवर चालवतो. मात्र अशा वेळी बॅटरी भरलेली आणि घरात वापर थोडा असेल तर तो पॅनेलचे उत्पादन आपणहून दाबतो, कारण ती वीज जाणार कोठे? अ‍ॅपमध्ये अडीच किलोवॉटऐवजी तीनशे वॉट दिसले म्हणून त्या दिवशी तक्रार नोंदवू नये. मिक्सर, वॉशिंग मशिन यांसारखी कामे अशा दुपारी उरकून घ्यावीत. ती वीज फुकट आहे आणि वापरली नाही तर वायाच जाणार आहे.

आता यादीकडे येतो, कारण त्यात एक गंमत सापडली. तीन साधे पंखे प्रत्येकी ७० वॉट, म्हणजे २१०, फ्रिज चालू-बंद धरून सरासरी ६०, वायफाय राउटर १५, दिवे २५, एकूण ३१०. त्यात इन्व्हर्टरचे ५० मिळवले आणि रूपांतरातील तूट धरली, की बॅटरीवर ३९०च्या आसपास भार यायला हवा. प्रत्यक्षात ४३० गेले. वरचे चाळीस वॉट कोणाचे? यादीच्या तळाशी आपण लिहिले आहे : ‘जुना इन्व्हर्टर व ट्युब्युलर बॅटरी, सहा वर्षांची, सध्या उपयोगात नाही, हॉलमध्ये.’ मला वाटते तो उपयोगात नसला तरी त्याची पिन बोर्डात आहे, आणि हॉलचा तो बोर्ड नव्या यंत्रणेच्या बॅकअप लाइनवर आहे. म्हणजे त्या वादळी रात्री आपली नवी बॅटरी आपल्या मेलेल्या जुन्या बॅटरीला पाणी पाजत बसली होती. भारनियमनाच्या वर्षांत घरोघरी आलेले हे इन्व्हर्टर सोलर बसल्यावरही कोपऱ्यात तसेच राहतात आणि मी अक्षरशः डझनावारी घरांत हा प्रकार पाहिला आहे. बॅटरी थोडी जिवंत आणि खोल उतरलेली असेल तर तिचा चार्जर दीड-दोनशे वॉटसुद्धा ओढतो. पिन आजच काढावी. ती बॅटरी रस्त्यावरच्या भंगारवाल्याला देऊ नये. तिच्यात शिसे आणि आम्ल आहे, आणि बॅटरी विकणारे दुकानदार जुनी बॅटरी बदल्यात घेतात.

पंखे बदलून कमी वीज खाणाऱ्या मोटारीचे, म्हणजे बीएलडीसी, घेतले तर प्रत्येकी ३० वॉटवर येतात. तीन पंख्यांचे १२० वॉट वाचतात. जुन्या इन्व्हर्टरचे ४० गेले, की ४३०चा भार २६०च्या आसपास येतो. बॅटरी खरोखर १०० टक्के भरलेली असेल आणि १० टक्क्यांपर्यंत वापरायची असेल तर हाती ४.६ युनिट असतात. आजच्या भाराने ती साडेदहा तास पुरेल; पंखे बदलून आणि पिन काढून साडेसतरा तास. दुसरी बॅटरी घ्या असा सल्ला आपल्याला मिळाला आहे. त्या पैशांच्या अगदी लहान वाट्यात तीन पंखे येतात.

बॅकअपवर काय नसावे याची मर्यादा कडक ठेवावी. गिझर दोन-तीन किलोवॉट, इंडक्शन शेगडी दोन किलोवॉट, इस्त्री एक किलोवॉट, ही उष्णता निर्माण करणारी सारी मंडळी बाहेर. एसी आपण बाहेर ठेवला आहे हे उत्तम. दीड टनाचा इन्व्हर्टर एसीसुद्धा सरासरी ९०० वॉट ओढू लागला तर पाच युनिटांची बॅटरी एकटाच पाचेक तासांत संपवतो. पाण्याच्या पंपाबद्दल मतभेद आहेत. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॉट, हे ऐकायला थोडे वाटते, पण मोटार सुरू होताना क्षणभर चौपट ते सहापट प्रवाह मागते, आणि त्या झटक्याने इन्व्हर्टर बंद पडला तर पंपासोबत सारे घर जाते. मी स्वतः पंप बॅकअपवर घेत नाही; वरची टाकी संध्याकाळी भरून ठेवणे ही पुण्याची जुनीच शिस्त आहे.

घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरसारखे उपकरण लागणारे कोणी असेल, तर ते बॅटरीवर जरूर चालवावे, त्याचे तीनशे-साडेतीनशे वॉट गणितात धरावे, पण ऑक्सिजनचा भरलेला सिलिंडर शेजारी ठेवल्याशिवाय निर्धास्त राहू नये. कोणत्याही इलेक्ट्रॉनिक यंत्रणेवर जीव टांगू नये, हे मी ही यंत्रणा विकून पोट भरणारा माणूस म्हणून सांगतो.

जागेबद्दल मी थोडा अधिक आग्रही आहे. आपली बॅटरी गच्चीवरच्या जिन्याच्या खोलीत, पत्र्याखाली आहे. माझ्या स्वतःच्या घरी पहिली लिथियम बॅटरी मीही तेथेच ठेवली होती, कारण पॅनेलपासून वायर छोटी होते आणि भोक पाडावे लागत नाही. मे महिन्यात एका दुपारी बाहेर चाळीस अंश होते तेव्हा अ‍ॅपमध्ये बॅटरीचे तापमान सत्तेचाळीस दिसले आणि बीएमएसने चार्जिंग आपणहून कमी केले. तेवढ्याने काही जळत नाही. एलएफपी हे रसायन त्या बाबतीत बरेच सोशिक आहे. पण पंचवीस अंशांच्या जागी पस्तिशी-चाळिशीत वर्षानुवर्षे बसलेली बॅटरी कितीतरी लवकर क्षमता गमावते, आणि दहा वर्षांच्या वॉरंटीच्या कागदात तापमानाची अट बारीक अक्षरांत असते. आठवड्याभरात मी ती खाली आणली.

खाली म्हणजे कोठे, हा सिंहगड रस्त्यावर नाजूक प्रश्न आहे. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री आंबिल ओढ्याच्या काठच्या सोसायट्यांत पाणी शिरले आणि २५ जुलै २०२४ला खडकवासल्यातून सोडलेल्या पाण्याने आपल्याच भागातील एकतानगरी बुडाली, हे आपल्याला माझ्यापेक्षा जास्त आठवत असेल. पार्किंगमध्ये जमिनीलगत बॅटरी ठेवणे म्हणून मला मान्य नाही. पाण्यात बुडालेली लिथियम बॅटरी वाळवून वापरता येत नाही, आणि ती धोकादायकही ठरू शकते. वर ऊन आणि खाली पूर, अशा पेचात मधली जागा निवडावी : पहिल्या मजल्यावर, उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या भिंतीवर, हवा खेळती असलेली, झोपण्याच्या खोलीबाहेरची आणि घरातून बाहेर पडण्याच्या एकमेव वाटेत नसलेली. तशी जागा आपल्याकडे मागच्या बाल्कनीत आहे असे वर्णनावरून वाटते. पावसाची झड आत येत असेल तर वर छोटे छप्पर करावे, पण कपाटात कोंडू नये. जागा बदलताना बॅटरी आणि इन्व्हर्टर यांमधली जाड डीसी वायर लांबवण्यापेक्षा इन्व्हर्टरही सोबत खाली आणणे बरे. आणि त्या दोघांना जोडणारी बारीक संदेशवाहक केबल विसरू नये. ती सैल झाली की इन्व्हर्टरला बॅटरीचा पत्ताच लागत नाही आणि तो नुसत्या व्होल्टेजवरून, म्हणजे गॅसच्या ज्योतीवरून, अंदाज बांधू लागतो.

एक तपासणी मात्र परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यावी, स्वतः करू नये. ग्रिड चालू असताना घराचा न्यूट्रल अर्थिंगशी बाहेर, महावितरणच्या बाजूला जोडलेला असतो. इन्व्हर्टरने घर ग्रिडपासून तोडले की हा सांधाही तुटण्याची शक्यता असते, आणि मग न्यूट्रल अधांतरी राहतो. अशा स्थितीत एखाद्या उपकरणाच्या पत्र्याला वीज लागली तरी आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच, ज्याला आपण अजूनही ईएलसीबीच म्हणतो, तो पडेलच याची खात्री राहत नाही. चांगल्या इन्व्हर्टरमध्ये त्या क्षणी न्यूट्रल-अर्थ जोडणारा रिले असतो, पण तो सेटिंगमध्ये चालू करावा लागतो किंवा वेगळा बसवावा लागतो. इलेक्ट्रिशियनला सांगावे, की मेन बंद करून घर बॅटरीवर असताना न्यूट्रल आणि अर्थ यांमधील व्होल्टेज मोजा आणि टेस्टरच्या बटणाने आरसीसीबी पडतो का पाहा. आरसीसीबीवरचे स्वतःचे टेस्ट बटण यासाठी पुरेसे नाही. ते अर्थ जोडलेला नसतानाही काम करते. जुन्या वायरिंगमध्ये बॅकअपचा आणि बाकी घराचा न्यूट्रल एकत्र गुंतलेला असतो, त्यामुळे वीज गेली की विनाकारण ब्रेकर पडतात. आपल्याकडे तशी तक्रार नाही, तरी एकदा पाहून घ्यावे.

गच्चीवरच्या कामाचे थोडक्यात. पॅनेलखाली कबुतरे बसू लागली असतील तर जाळी आत्ताच लावावी. विष्ठा काचेवर वाळली की साध्या पावसाने निघत नाही आणि एका कोपऱ्यातील डागाने पॅनेलचा तिसरा हिस्सा झोपतो. धुणे सकाळी, काच थंड असताना, आणि बोअरचे क्षारयुक्त पाणी शक्यतो नको. वळिवाच्या विजा सुरू होण्याआधी, म्हणजे मार्चमध्ये, विजेचा अचानक आलेला झटका अडवणाऱ्या सर्ज अरेस्टरच्या खिडकीचा रंग हिरवा आहे का ते पाहावे. लाल झाला असेल तर आतला भाग बदलावा.

विक्रेत्याशी वाद घालण्यापूर्वी एक चाचणी करावी. बॅटरी पूर्ण भरून, वर सांगितल्याप्रमाणे दोन-तीन तास काठावर ठेवल्यानंतर, एखाद्या निरभ्र हवेच्या रात्री साडेनऊला मेन स्विच स्वतः बंद करावा. पॅनेलचा डीसी स्विचही बंद ठेवावा, म्हणजे सकाळच्या उन्हाने आकडे बिघडणार नाहीत. दर तासाला अ‍ॅपमधील टक्के, बॅटरीचे व्होल्टेज आणि बाहेर जाणारे वॉट वहीत लिहावेत. झोप मोडायची नसेल तर अ‍ॅपचा आलेख सकाळी उतरवून घ्यावा. बॅटरी स्वतःहून बंद होईपर्यंत चालू द्यावी आणि एकूण किती युनिट बाहेर आले ते पाहावे. बॅटरीच्या बाजूने मोजलेला आकडा साडेचारच्या आसपास आला तर ती निरोगी आहे आणि सेटिंग दुरुस्त करून विषय मिटवावा. चारच्या खाली, विशेषतः साडेतीनच्या जवळ आला, तर नवव्या महिन्यात तेवढी घट मान्य करण्याचे कारण नाही. मग बॅटरीचा अनुक्रमांक, बसवल्याची तारीख, तापमानाच्या नोंदी आणि हा आलेख जोडून वॉरंटीचा दावा लेखी करावा, फोनवर नव्हे. चाचणी संपताच मेन चालू करून बॅटरी लगेच भरायला लावावी. तळाला गेलेली बॅटरी तशीच दिवसभर ठेवू नये.